लाल गोंदाची रेघ

सेलोच्या घाटात तिसऱ्या वळणावर तो दिवा लागला आणि मी स्टिअरिंगवर हात आपटला. तोच तो, पिवळा, इंजिनाचं चित्र असलेला दिवा. चार महिन्यांपूर्वी सेन्सर बदलला होता. त्याआधी पाच महिन्यांपूर्वी बदलला होता. त्याच्याही आधी... जाऊ दे, मोजून काय मिळतं. मागून कोबीचे ट्रक भोंगे वाजवत होते, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आचके देत होती, वर शाळेत दहावीचा गणिताचा तास माझ्यावाचून खोळंबला होता. डाव्या हाताला मेरापी ज्वालामुखी आपला निवांत धूर सोडत बसला होता. त्याला कोणी स्कॅनर लावत नाही.

मी तिउर. मूळची सुमात्रातल्या तोबा तळ्याकाठची, बाताक जमातीची. आमच्याकडे दोन माणसं हवापाण्याच्या गप्पा मारत असली तरी शेजारचा भांडण सोडवायला धावतो, असा आमचा आवाज. बावीस वर्षांपूर्वी लग्न करून इथे जावात आले, बोयोलालीत. नवरा प्रिहांतो इथलाच. इथली माणसं इतकी हळू बोलतात की माझी सासू रागावली होती हे मला ती रागावल्यावर दोन वर्षांनी कळलं. समोरच्याचं मन दुखेल असं काही म्हणजे काहीही तोंडातून काढायचं नाही, हा इथला धर्म. मी तो पाळायचा प्रयत्न केला, देवाशपथ केला, पण जीभ बाताकच राहिली.

तर गाडी. चंदेरी, बारा वर्षांची, आणि तिचं सगळं बघायचे म्बाह कार्योनो. म्बाह म्हणजे आजोबा. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला दुसरं काय म्हणणार. दूध डेअरीच्या शेजारी त्यांचं गॅरेज, आणि गॅरेजची जमीन अशी की चटई टाकून जेवायला बसावं. सबंध तालुक्यात त्यांचं नाव एकाच गोष्टीसाठी होतं. त्यांनी उघडून बंद केलेल्या इंजिनातून तेलाचा थेंब गळत नसे. काम झालं की गाडीच्या पोटाखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरायचं, आणि सकाळी मालकासमोर ते बाहेर ओढून दाखवायचं. कोरडं ठणठणीत. मग त्याची चौघडी करून मालकाच्या हातात द्यायची. लोक ते कागद घरी जपून ठेवतात. माझ्या सासूच्या कपाटात साड्यांसारख्या घड्या केलेल्या बातिकच्या कापडांमध्ये एकोणीसशे एक्क्याण्णव सालचा एक आहे.

हे सगळं लाल गोंदाच्या जोरावर. नळीतून निघणारा, जेलीसारखा लाल सिलिकॉन गोंद. इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, उघडलं की त्याच्या काठावरून म्बाह त्या गोंदाची रेघ ओढायचे, एका श्वासात, मध्ये न थांबता. त्यांच्या उस्तादांनी शिकवलेली रेघ. ती बघायला मी मुद्दाम थांबत असे. माणूस एखादी गोष्ट पन्नास वर्षं करतो तेव्हा ती बघण्यासारखी होते.

पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा म्बाहंनी स्कॅनर लावला. पासष्टाव्या वर्षी त्यांनी तो घेतला, आणि कोडचे आकडे शाळेतल्या पाढ्यांसारखे पाठ केले. पी-शून्य-एक-तीन-तीन. म्हणजे धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर सुस्तावलाय, धुरात प्राणवायू किती ते वेळेवर सांगत नाही, म्हणून इंजिन पेट्रोल वाटेल तसं पितंय. नवा सेन्सर घातला. जुन्याच्या टोकावर पांढरी पूड बसली होती, तांदळाच्या पिठासारखी. म्बाह म्हणाले पेट्रोल भेसळीचं असेल. मी पंप बदलला. पुन्हा दिवा, तोच कोड, तीच पूड. आणखी एक पंप बदलला. मग म्हणाले वायर उंदरांनी कुरतडली असेल. सगळी वायरिंग नवी ओढली. पुन्हा दिवा. मग सेन्सरच नकली असेल म्हणून जकार्ताहून मागवला, त्याची पंधरा दिवस वाट पाहिली. मग सायलेन्सरच्या नळीला कुठे फट आहे का म्हणून अगरबत्ती फिरवून धूर ओढला जातो का ते पाहिलं. नव्हती फट. आणि प्रत्येक वेळी, जाता जाता, माझ्यावरच्या मायेपोटी, टॅपेट कव्हर उघडायचं, पुसायचं, आणि ताजा लाल गोंद लावून बंद करायचं. सकाळी कोरडा कागद. माझ्याकडे चार कागद जमले आणि दिवा काही विझेना.

पाचव्यांदा, म्हणजे त्या तिसऱ्या वळणानंतर, मी गाडी घेऊन गेले ती तावातावाने बोलायच्या तयारीनेच. म्बाहंनी स्कॅनर लावला, आकडा पाहिला आणि बाकावर बसले. मग म्हणाले,

"बू गुरू, ईद झाली की शटर पाडतो मी."

इथे शिक्षिकेला बू गुरू म्हणतात. मी म्हटलं, म्बाह, एका सेन्सरसाठी का शटर पाडता. ते म्हणाले, सेन्सरसाठी नाही. पूर्वी इंजिनाला कान लावला की दुखणं कळायचं. आता यंत्र सांगतं तरी कळत नाही. हात गेला आपला. तुमच्या गाडीने ते मला पाच वेळा सांगितलं, आणि मी पाच वेळा ऐकलं नाही.

आणि खरंच त्यांनी हत्यारं वाटायला सुरुवात केली. बोल्ट मोजून आवळायचा टॉर्क पाना डेअरीच्या ड्रायव्हरला दिला. बेअरिंग ओढून काढायचा पुलर कोपऱ्यावरच्या वेल्डरला. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, पोरं सुमात्रात. गॅरेजशिवाय त्या माणसाला होतं काय. शटर पाडून हा माणूस दिवसभर कोणाचं तोंड बघणार? माझा सगळा तावच उतरला.

घरी येऊन नवऱ्यापुढे रडले. प्रिहांतोने माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाला, "सुगेंगकडे चहा चांगला मिळतो."

आता हे वाक्य तो मला गेलं दीड वर्ष सांगत होता. दिवा लागला की सुगेंगकडचा चहा. सुगेंग हा म्बाहंचाच जुना शागीर्द, आता चाळिशीचा. बाजारामागे त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. मला वाटायचं, नवऱ्याला तिथला चहा आवडतो, पितो बापडा. त्या दिवशी मी डोळे पुसता पुसता थांबले. म्हटलं, प्रिहांतो, माझ्याकडे बघ, तू चहाबद्दल बोलतोयस का? तो टेबलावरचा एक कण अंगठ्याने हळूहळू सरकवत राहिला. म्हणाला, चहाबद्दलही.

मी गाडी काढली आणि थेट सुगेंगच्या दारात उभी केली. त्याने बॉनेट उघडलं, टॅपेट कव्हरच्या काठावरची ती लाल रेघ पाहिली, आणि जुन्या ओळखीचं माणूस भेटावं तसा हसला. मग जे बाहेर आलं ते मी चिमट्याने एकेक शब्द ओढून काढलं. तो लाल गोंद जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना ठीक होता. या गाड्यांना नाही. तो सुकताना, तापताना त्याची वाफ सुटते, ती इंजिन आतल्या आत ओढून घेतं, जाळतं, आणि ती पांढरी पूड होऊन सेन्सरच्या टोकावर बसते. मग सेन्सर आंधळा. नवा घातला की काही महिन्यांनी तोही आंधळा, कारण प्रत्येक वेळी कव्हरला ताजा गोंद. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. माझ्या गाडीला जे झालं होतं ते म्बाहंच्या मायेनेच झालं होतं.

म्हटलं, हे तुला कधीपासून माहीत आहे? तो म्हणाला, आठेक वर्षं. म्हटलं, आणखी कोणाला? तो खाली बघायला लागला. सगळ्यांना माहीत होतं. डेअरीच्या ड्रायव्हरला, डॉक्टरांना, मशिदीच्या इमामांना, माझ्या नवऱ्याला. गावची पद्धतच पडली होती. गाडी आधी म्बाहंकडे न्यायची, कोरडा कागद घ्यायचा, आभार मानायचे, आणि दोन दिवसांनी बाजारामागे सुगेंगकडे. सुगेंग आतला गोंद खरवडून काढणार, कंपनीचं रबरी पॅकिंग बसवणार. आणि मग, हे ऐकून मी बाकावरच बसले, बाहेरच्या काठावर, आत लागणार नाही इतपत, लाल गोंदाची एक बारीक रेघ ओढणार. म्बाहंनी पुढच्या वेळी बॉनेट उघडलं तर त्यांना आपलीच रेघ दिसावी म्हणून.

आठ वर्षं एक अख्खं गाव मूग गिळून बसलं होतं. आणि ही सोय फक्त मला माहीत नव्हती, कारण मला कोणी सांगितलं नाही, कारण सांगायचं नसतंच, समजायचं असतं. चहावरून. माझा संताप असा झाला की सांगता सोय नाही. बावीस वर्षं एका घरात राहून, एका ताटातला तेंपे, सोयाबीनच्या वड्या, खाऊन, या माणसाला मला नीट वाक्य सांगता आलं नाही. पाच सेन्सर गेले. दोन पंप बदलले. पोरांचे तास बुडाले. आणि तिकडे तो म्हातारा आपला हात गेला म्हणून हत्यारं वाटत सुटलाय.

सुगेंगला मी म्हटलं, उद्या त्यांना सांग. त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, "बू, त्यांनी मला पाना धरायला शिकवलं. मी त्यांना कोणत्या तोंडाने शिकवू? लाजेने मरतील ते."

"आणि न कळल्याने मरतायत त्याचं काय?" मी म्हटलं. "हात गेला म्हणून तो माणूस गॅरेज बंद करतोय. हात शाबूत आहे त्याचा. गोंद चुकलाय. भीड भिकेची बहीण, सुगेंग. तुमच्या भिडेने त्याला भिकेला लावलंय."

तो रडला. पण सांगतो म्हणाला नाही.

म्हणजे मलाच सांगायचं होतं. रविवारी चर्चमधून परस्पर गॅरेजवर गेले. म्बाह पाने धुऊन, पुसून तांदळाच्या पोत्यात भरत होते. आणि मी, जिचा आवाज ऐकून सासरची कोंबडी खुराड्यात जाते ती मी, उभी राहून म्हणाले, यंदा ऊन फार आहे. म्बाह म्हणाले, आहे खरं. मी म्हटलं, मेरापीही फार धूर सोडतोय. ते म्हणाले, सोडतोय. मग मी म्हटलं, परवाचा तेंपे जरा आंबट होता. तेव्हा माझं मलाच कळलं की मी काय करते आहे. बावीस वर्षांत या मंडळींनी मलाही आपल्यासारखं करून टाकलं होतं. मी स्वतःला एक शिवी दिली, बाताकमध्ये, आणि बोलायला लागले. गोंद, वाफ, पूड, सुगेंग, रबरी पॅकिंग, बाहेरची रेघ, सगळं. आडपडदा ठेवला नाही.

म्बाहंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं झाल्यावर ते उठले, फळीवरून गोंदाची नळी काढली, चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. ती इतकी वर्षं कोणी वाचली असतील? ऑक्सिजन सेन्सर असलेल्या इंजिनाला वापरू नये, असं लिहिलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. नळी फळीवर ठेवली, होती तशी, टोपण पुढे करून.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"आठ."

"आणि वरची रेघ सुगेंग ओढायचा."

"हो."

"मी ती बघायचो," म्बाह म्हणाले. "लोकांची बॉनेटं उघडी असली की जाता जाता बघायचो. म्हणायचो, कार्योनो, अजून हात थरथरत नाही तुझा." मग त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "एक बोल्ट वाकडा बसवला तर त्या पोराला मी गावासमोर झापलंय, बू गुरू. मला झापायला एकालाही तोंड नव्हतं? माझ्यावर एवढीही माया नव्हती कोणाची?"

त्यांनी मला जायला सांगितलं नाही, पण पाठ केली, आणि इथे ते पुरतं.

सहा दिवस गॅरेज बंद होतं. ईद अजून दोन महिने लांब. दार लावलेलं, चूल पेटलेली दिसेना. सुगेंग रोज सकाळी दाराशी जाऊन बसायचा आणि उघडलं नाही की निघून यायचा. मला कोणी काही बोललं नाही. तेंपेवाली उलट नेहमीपेक्षा गोड हसली, त्याचा अर्थ मला एव्हाना कळत होता. प्रिहांतो म्हणाला, तू वाईट हेतूने नाही केलंस. म्हणजे वाईट केलंस. मी भांडी आपटली, त्याच्याशी भांडले, आणि रात्री अंथरुणात पडून मनातल्या मनात म्हातारं उठू दे, जेवू दे म्हणून प्रार्थना केली. खरं बोलले याचा पश्चात्ताप मला आयुष्यात पहिल्यांदा झाला, आणि तो झाला याचाही राग आला.

सातव्या दिवशी म्बाह दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले आणि चालत बाजारामागे गेले. सुगेंगच्या गॅरेजात गिऱ्हाइकांच्या बाकावर, आधी आलेल्या दोघांच्या मागे, नंबर लावून बसले. तो धावत आला, वाकला, हात धरून आत न्यायला लागला. म्बाह उठले नाहीत. आपला नंबर आल्यावरच उठले आणि म्हणाले, ते रबरी पॅकिंग कसं बसवतात ते शिकव. हे मला प्रिहांतोने सांगितलं, सरळ, चहाबिहा मध्ये न आणता. मी त्याचा तेवढा गुण नोंदवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्बाह आमच्या अंगणात आले. बरोबर सुगेंग, हातात नवा सेन्सर आणि पॅकिंग. सुगेंगने हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, असा हुकूम होता. म्बाहंनी कव्हर उघडलं, आपला गोंद ब्लेडने खरवडला, कणन्‌कण. खरवडायला त्यांना तास लागला. रबर खाचेत बसवताना बोटं अडखळत होती. हाताला ती सवय नव्हती. गोंदाला वळण कसंही चालतं, रबराला नाही. एकदा सुगेंग "अं..." करून पुढे झाला आणि म्हाताऱ्याने नुसतं बघितल्यावर मागे सरला. कव्हर बंद झालं. मग नेहमीप्रमाणे गाडीच्या पोटाखाली वर्तमानपत्र पसरलं.

सकाळी सगळे जमलो. शेजारचे इमाम उगाचच कुंपणाशी उभे होते, डेअरीचा ड्रायव्हर दुधाचे कॅन घेऊन थांबला होता. म्बाह गुडघ्यावर बसले आणि त्यांनी कागद हळूच बाहेर ओढला.

कागदावर एक डाग होता. वाटाण्याएवढा, काळपट, कडेने पसरलेला.

मग सुगेंग म्हणाला, जुनं तेल असेल, खाली साठलेलं. प्रिहांतो म्हणाला, दव फार पडलं रात्री. इमामांनी मान डोलावली, दवच. ड्रायव्हर म्हणाला, त्याला तर काही दिसतच नाहीये. म्बाहंनी कोणाकडेच पाहिलं नाही. पन्नास वर्षांत ज्याच्या कागदावर डाग पडला नव्हता तो माणूस गुडघ्यावर बसून कागद हातात धरून माझ्याकडे बघत होता, आणि काय ऐकायचंय ते त्याच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं. दव म्हणणं किती सोपं होतं.

"गळतंय, म्बाह," मी म्हटलं. "डाव्या कोपऱ्यात. रबराला पीळ पडलाय."

म्बाहंनी श्वास सोडला. कागदाची चौघडी करून स्वतःच्या खिशात ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बॉनेट उघडलं.

"दहा नंबरचा पाना दे," ते सुगेंगला म्हणाले. "आणि माझा टॉर्क पाना, पुलर, सगळं ज्याच्या त्याच्या घरून परत आणायचंय. तू नको जाऊस, तुला तोंड उघडून मागता येणार नाही. बू गुरू येतील माझ्याबरोबर."